पेपर होईपर्यंत

मार्च उजाडला की माझं अंग मोडून येतं. ताप नसतो, खोकला नसतो. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा रक्त तपासलं, कागद बघितला आणि म्हणाल्या, मॅडम, तुम्हाला परीक्षेचा कंटाळा आलाय, त्याला गोळी नाही. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. बारावीचे पेपर सुरू झाले की रोज तीन तास वर्गात फेऱ्या मारायच्या आणि पोरांच्या वाकलेल्या माना बघायच्या, एवढंच काम. पंखा खडखडत असतो. कुणाच्या तरी बाटलीचं झाकण बाकाखाली गडगडत जातं आणि सगळा वर्ग दचकतो. खिडकीतून कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा वास येतो. पेपर नसतील तेव्हा हाच वास मला आवडतो.

ज्या घरात बारावी असते ते घर आमच्या लातूर-नांदेडकडं लांबूनसुद्धा ओळखू येतं. टीव्हीवर चादर पडलेली असते. पाहुणे दारातूनच परत जातात आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही. लग्नाची तारीख काढताना आधी परीक्षेचं वेळापत्रक बघतात, मग पंचांग. माणसं घरात पाय न वाजवता चालतात, भांडणं अंगणात जाऊन करतात आणि कुकरच्या शिट्ट्या पोरगी आंघोळीला गेली की उरकून घेतात. सुतक पाळावं तितक्या निष्ठेनं हे सगळं पाळलं जातं. आणि खरं सुतक आलंच, तर तेसुद्धा बारावीसाठी थांबतं. हे मला बावीस वर्षांपूर्वी कळलं होतं. ह्या वर्षी पुन्हा कळलं.

आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत तीन मुली भाड्यानं राहतात. तिघी बारावीच्या. परीक्षेच्या महिनाभर आधी त्यांचे आईवडील येतात, पोरींचे मोबाईल माझ्या हातात देतात आणि म्हणतात, मॅडम, आता हे तुमच्यापाशीच ठेवा. मग ते तीन मोबाईल माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून असतात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते. घरचे फोन माझ्याकडं येतात. पोरगी जेवली का, झोपली का, लई ताण तर घेऊन नाही राहिली. पहाटे पाचला छतातून त्यांच्या पाठांतराची गुणगुण ऐकू यायला लागते. मी कूस बदलते आणि लातूरच्या खोलीत जाऊन पडते.

लातूरच्या त्या खोलीत अकरावी-बारावीला आम्ही दोघी होतो, मी आणि शकू. नाव शकुंतला, पण हाक मारायला फार लांब पडायचं. मी चाकूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, ती किनवटच्या जंगलातल्या एका गावची. वडील रेल्वेत गँगमन, पाचवीपासून ही वसतिगृहात राहिलेली. दहावीला तालुक्यात पहिली आली, म्हणून कुणीतरी वडिलांना सांगितलं की पोरीला लातूरला टाका. लातुरात तेव्हा नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं. घरमालकीण, जिला आम्ही मावशी म्हणायचो, आमच्या ड्रमवर खडूनं रेघ मारून ठेवायची. शकू पहिल्या दिवशी त्या रेघेकडं बघतच राहिली. तिच्या गावाला नदी होती. “काहून गं, इथं लोक अभ्यासच पितात का?” असं तिनं मला विचारलं, आणि आमची मैत्री झाली.

ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आता लिहिते तितक्या सहज तेव्हा म्हणू शकत नव्हते. मी पाठ करायची, तिला समजायचं. जीवशास्त्राच्या आकृत्या ती अशा काढायची की वर्गातले सर तिची वही घेऊन इतर तुकड्यांत दाखवायला जायचे. आणि एवढं असून तिला अभ्यासाचं भय नव्हतं. गणित सोडवता सोडवता ती मध्येच थांबून खिडकीतल्या चिमणीशी बोलायची. मी चिडले की म्हणायची, “तुझ्याशी बोललं तर तू चिडते, तिच्याशी बोललं तरी तूच चिडते.”

आमच्याकडं लातूरला शिकायला ठेवलेल्या पोरांचे डबे गावाहून एसटीनं येतात. आता कमी झालं असेल, तेव्हा सगळीकडं होतं. आई पहाटे उठून भाकरी थापायची, अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलवरून डबा फाट्यावर नेऊन पहिल्या गाडीत ठेवायचे आणि नऊच्या सुमारास ती गाडी लातूरच्या स्टँडवर लागायची. ड्रायव्हरच्या मागं डब्यांचा ढीग. कापडी पिशव्या, त्यांवर रंगानं लिहिलेली नावं. कंडक्टरकाका एकेक पिशवी उचलून ओरडायचे आणि पोरं पुढं व्हायची. शकूचं गाव इतकं लांब की तिथून डबा निघाला असता तर दुसऱ्या दिवशी पोचला असता. ती मेसमध्ये जेवायची, म्हणजे न जेवता परत यायची. हे मी दिवाळीच्या सुट्टीत बोलण्याबोलण्यात आईला सांगितलं. सुट्टी संपून आले, तर पहिल्याच दिवशी डब्याला एक कप्पा जास्त होता.

तेव्हापासून आम्ही दोघी त्या डब्यावर वाढलो. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे आणि दही. माघात हरभऱ्याचे भाजलेले घाटे. शकूला कारळाची चटणी फार आवडायची, ती काळी, तेलकट, दाताला चिकटणारी. मला नाही आवडत. हे आईला कळलं तसा शकूच्या कप्प्यात रोज कारळाच्या चटणीचा गोळा यायला लागला. डबा आणायला बहुतेक शकूच जायची. कंडक्टरकाका तिला चिडवायचे, “आली बघा चाकूरची लेक किनवटहून.” ती म्हणायची, “हाव काका, जन्मले तिकडं, जेवते इकडं.”

एकच कादंबरी आम्ही त्या दोन वर्षांत वाचली. शकूनं ती वसतिगृहाच्या कपाटातून आणली होती. कव्हर गेलेलं, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळं नाव काय, लिहिली कुणी, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन मित्र होते. शाळेपासून बरोबरचे. त्यातला एक जातो आणि दुसरा मग पुस्तक संपेपर्यंत रडतो, गावभर हिंडतो, नदीकाठी बसतो, आणि शेवटी मोठा होतो. दुपारी जेवण झालं की मी मोठ्यानं वाचायची आणि शकू भिंतीला टेकून ऐकायची. मला रडू यायचं. शकूला हसू यायचं. “लईच रडून राहिला हा,” ती म्हणाली. “ह्याला पेपर नाहीत वाटतं.” मी पुस्तक तिच्या अंगावर फेकलं. तिनं ते उचलून पान नीट केलं आणि म्हणाली, “अन् मरणारं माणूस इतकं बोलत नसते गं. आमच्या गावात पाहिलं मी. पाणी मागते अन् जाते.”

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिला ताप आला. प्रात्यक्षिकं झाली होती, लेखी परीक्षेला तीन आठवडे होते. तिनं मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या आणि तोंड धुऊन अभ्यासाला बसली. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मावशीनं तिच्या गावाला निरोप धाडला. वडील आले. स्टँडवर मी सोडायला गेले होते. नांदेडच्या गाडीत ती खिडकीशी बसली, शाल गुंडाळून, आणि मला म्हणाली, “आठ दिवसांत येते. माझ्या वह्यांना हात नको लावू हं, नाही तर माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडशील.” मी म्हणाले, तुझ्या वह्या पाहिजेत कुणाला.

आठ दिवसांनी ती आली नाही. मी मावशीला विचारलं. मावशी तांदूळ निवडत होती, तिनं वर बघितलं नाही. “तिची तब्येत न्हाई बरी. आता ऑक्टोबरला बसणार हाय म्हणं ती.” अण्णांचा फोन आला तेव्हा त्यांनाही विचारलं. “ऑक्टोबरात देईल की. तू तुझं बघ,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला राग आला. आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही, पण इथं खोटं लिहून काय करायचं? मला बरं वाटलं होतं. शकू नाही म्हणजे वर्गात आता मी पहिली.

मग मी तिच्या वह्या उघडल्या. त्या आकृत्या मी इतक्या वेळा गिरवल्या की माझा हात तिच्यासारखा चालायला लागला. आणि एका दुपारी, भूगोलाच्या जुन्या वहीचा कागद फाडून, मी तिला पत्र लिहिलं. तू भित्री आहेस, असं लिहिलं. तापाचं निमित्त करून पळून गेलीस. ऑक्टोबरात बसणारे सगळे पळपुटेच असतात. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, उलट खोली मोठी झाली, डबा पोटभर होतो, आणि तुझ्या सगळ्या वह्या मी वाचल्या, काय करायचं ते कर. खाली नाव लिहिलं नाही. अक्षर ओळखेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी डबा आणायला गेले तेव्हा स्टँडजवळच्या पेटीत मीच ते टाकलं.

डबा मात्र अजून दोघींचाच येत होता. तो जास्तीचा कप्पा, त्यात कारळाची चटणी. मला वाटलं आईला सांगायचं राहिलं असेल, किंवा शकू कधीही येईल म्हणून पाठवत असेल. कंडक्टरकाका आता चिडवत नसत. पिशवी हातात देऊन ते दुसरीकडं बघत. वर्गात गेलं की मुली बोलता बोलता थांबायच्या. मला वाटलं, अभ्यास चोरतात. मी सगळ्यांवर चिडलेली होते आणि त्या चिडीत मी फार चांगला अभ्यास केला.

शेवटचा पेपर जीवशास्त्राचा होता. बाहेर आले तर दाराशी अण्णा आणि आई दोघं उभे. आई कधी लातूरला येत नसे. रानात हरभऱ्याची काढणी चालू होती, अशा दिवसांत तर नाहीच. खोलीवर आलो. मावशीनं पाणी आणून दिलं आणि ती दारातच उभी राहिली.

“जयू, समदे पेपर झाले का?” आईनं विचारलं.

“झाले की.”

“एखादा ऱ्हायला न्हाई न्हवं?”

“नाही गं. काय झालं?”

“मग बस खाली. शकू गेली बाय.”

“कुठं गेली?”

आईनं अण्णांकडं बघितलं. अण्णा भिंतीकडं बघत होते. “गेली,” आई म्हणाली. “कावीळ डोक्यात गेली म्हणं. हितनं नेल्याव पाचव्या दिशी. नांदेडच्या दवाखान्यात.”

मी हिशेब केला. पहिल्यांदा मी रडले नाही, मी हिशेब केला. पाचवा दिवस म्हणजे आपण काय करत होतो. मावशी तांदूळ निवडत होती तेव्हा ती जाऊन तीन दिवस झाले होते. दहावा झाला, तेरावा झाला. मी पत्र लिहिलं, ते तेराव्याच्याही नंतर. मावशीला माहीत होतं, सरांना माहीत होतं. सरांनी सगळ्या वर्गाला बजावून ठेवलं होतं. कंडक्टरकाकांनासुद्धा माहीत होतं. सगळ्या लातूरला माहीत असलेली गोष्ट फक्त मला माहीत नव्हती, आणि मी महिनाभर मेलेल्या पोरीवर रुसून बसले होते.

किनवटला मी एप्रिलात गेले, अण्णांबरोबर. नांदेडहून आदिलाबादकडं जाणाऱ्या गाडीनं. भोकर गेलं की दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं. सागाची पानं गळून गेलेली, मधूनमधून पळस फुललेला. शकू नेहमी म्हणायची की ह्या गाडीत बसलं की तिला अभ्यास आठवत नाही. सगळा प्रवासभर मला एकच भीती होती. ते पत्र पोचलं असेल तर?

शकूची आई दारातच उभी होती. माझ्यापेक्षाही बुटकी बाई. तिनं मला बघितलं, माझा हात धरून आत नेलं, पाणी दिलं, आणि पहिला शब्द विचारला तो असा, “पेपर कसे गेले, बाई?”

अण्णा म्हणाले, बरे गेले. तिचे वडील म्हणाले, “ते चांगलं झालं. मीच फोन केलता तुमाले. म्हटलं आमची तर गेली, त्या पोरीचं वरीस नको जाऊ देऊ.” म्हणजे मला कळू देऊ नका, हे त्यांनीच सांगितलं होतं. लेकीला अजून घरीसुद्धा आणलं नव्हतं, तेव्हा नांदेडच्या दवाखान्याबाहेरून त्यांनी कुठल्याशा बूथवरून पहिला फोन आमच्या गावाला केला होता. मी ज्यांच्यावर रागावून आले होते त्यांतलं एकेक नाव गळत गेलं आणि शेवटी समोर हा माणूस राहिला. ह्याच्यावर कसं रागवायचं?

थोड्या वेळानं तिची आई उठली, देवाच्या फळीवरून एक कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. माझंच अक्षर. “तुझं पत्र आलतं,” ती म्हणाली. “मले वाचता येत नाही. तिच्या बाबानं वाचून दाखवलं. रुसली होती काय गं तिच्यावर?”

मी मान डोलावली.

“लई जीव होता तुझा,” ती म्हणाली, आणि कागद परत घडी करून फळीवर ठेवला.

त्या कादंबरीतल्या पोराला मित्र गेल्यावर शहाणपण आलं. मला मार्क आले. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटो येण्याइतके आले, आणि जीवशास्त्राला सगळ्यांत जास्त. अण्णांनी पेढे आणले होते. मी म्हणाले, मला डॉक्टर व्हायचं नाही, मी बीएला जाते. त्यांनी पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. गाव म्हणालं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नव्हतं. ती गुणपत्रिका दाखवून कुठं आत शिरायची मला लाज वाटत होती, एवढंच. आता इतक्या वर्षांनी वाटतं की शकू असती तर ह्या त्यागाला फिदीफिदी हसली असती. ती स्वतः डॉक्टर झाली असती आणि मला गोळी दिली असती.

आईशी ह्या विषयावर मी एकदाच बोलले, लग्नानंतर. ती निवडायला भाजी घेऊन बसली होती. मी विचारलं, तू मला फसवलंस ते फसवलंस, पण तो कारळाच्या चटणीचा गोळा कशाला पाठवत होतीस रोज? आई म्हणाली, “येकाएकी कप्पा बंद केला आस्ता तर तुला कळलं नस्तं व्हय? तू काय येडी हायस?” मग बराच वेळ तिनं भाजी निवडली. “रोज चटणी कुटाया बसले की रडून घेत व्हते. तुला रडायला सवड नव्हती. म्हून म्या रडले.”

मनात मी एक ठरवून टाकलं होतं, की आपल्या हातून हे कुणाच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही. माणसाचं दुःख ज्याचं त्याला वेळेवर द्यावं. हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. वर्गात, सहकाऱ्यांत, कधीकधी घरी ह्यांनासुद्धा ऐकवलं होतं. ऐकवायला फार छान वाटायचं.

वरच्या तीन मुलींतली प्रतीक्षा रेणापूरकडची. लातूर इतकं जवळ असून तिला नांदेडला ठेवली, कारण लातुरात नातेवाईक फार आणि नातेवाईक आले की अभ्यास होत नाही, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. तिची एक चुलत बहीण होती, साक्षी. एकाच वर्षाच्या, एकाच अंगणात वाढलेल्या. साक्षी दहावीनंतर गावातच राहिली, पण पोरींचे मोबाईल कपाटात गेल्यापासून दर रविवारी माझ्या मोबाईलवर तिचा फोन यायचा आणि दोघी मी समोर आहे हे विसरून हसत बसायच्या. मी सुपारी कातरत बसायची आणि ऐकायची. ऐकू नये हे कळत होतं.

ह्या मार्चमध्ये, दोन पेपर राहिले असताना, पेपर नसलेल्या एका दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. साक्षीचे वडील होते. आवाज इतका सपाट की मला वाटलं पोरीची चौकशी करायला केलाय.

“मॅडम, आमची साक्षी गेली. पहाटं मोटार चालू करायला गेलती रानात. शॉक लागला.”

मी खुर्चीवर बसले.

“तुम्हाला म्हून सांगायलोय. प्रतीक्षाला कळू देऊ नका. उद्या तिचा पेपर हाय. चार वाजता माती हाय, आमी उरकून घेतो. पेपर होईस्तोवर कुणाचाबी फोन तिला देऊ नका. मोबाईल तुमच्यापाशीच हायेत न्हवं?”

“आहेत,” मी म्हणाले.

“मग काही फिकर न्हाई. आमची गेली, तिचं तरी वरीस नको वाया जायाला.”

फोन ठेवला. ह्यांनी विचारलं, काय झालं. सांगितलं. ते म्हणाले, “तू ह्यात पडू नकोस. मुलगी गेलेला बाप सांगतोय, त्याच्यापुढं तू कोण?” बरोबर होतं त्यांचं. वरून प्रतीक्षाचं पाठांतर ऐकू येत होतं, रसायनशास्त्राचं काहीतरी, तीच ओळ पुन्हा पुन्हा. नांदेडहून तिच्या गावाला गाडीनं तीन तास लागतात. साडेनऊ झाले होते. दुपारनंतर सांगून उपयोग नव्हता. मी उठले, जिन्याच्या चार पायऱ्या चढले, उतरले, परत चढले. गुडघे दुखत होते.

मी सांगितलं. तिच्या समोर पलंगावर बसून, हात धरून, जसं मला कुणी सांगायला हवं होतं तसं सगळं नीट सांगितलं. मला वाटलं ती आता ओरडेल, रडेल, आणि मी तिला जवळ घेईन. ती म्हणाली, “काकांनी सांगा म्हणलं का?”

“नाही. सांगू नका म्हणाले.”

“मग कशाला सांगितलं?” तिचा आवाज चिरका झाला. “उद्या पेपर हाय माझा. उद्या दोन वाजता सांगितलं असतं तर काय झालं असतं, मॅडम? आता मी काय करू? आता सांगा, काय करू?”

मी बावीस वर्षं फक्त माझ्याच बाजूनं विचार केला होता. शेवटी तीच उठली, ओढणी घेतली आणि म्हणाली, “चला.”

ह्यांनी गाडी काढली. तिनं रसायनशास्त्राचं पुस्तक बरोबर घेतलं होतं आणि ते मांडीवर मिटलेलं होतं. गावात पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. प्रतीक्षा गाडीतून उतरून पळत आत गेली आणि आतून बायकांचा आवाज एकदम वाढला. तिचे काका माझ्याजवळ आले. डोळे कोरडे होते. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. “मॅडम, म्या तुम्हाला येवढंच सांगितलं व्हतं,” ते म्हणाले. “येवढंच.” मग कुणीतरी त्यांना बोलावलं म्हणून ते गेले. मी अंगणाच्या कडेला बायकांत बसले. मला कुणी पाणी विचारलं नाही आणि ते योग्यच होतं.

संध्याकाळी तिला परत आणलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेपर दिला, चार दिवसांनी शेवटचाही दिला. कसे गेले ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. निकाल अजून लागायचा आहे.

खोली सोडायच्या दिवशी तिचे आईवडील आले. सामान भरलं. मी चहा ठेवला होता. तिची आई म्हणाली, नको, उशीर होतो. पाच माणसांच्या गाडीत सामान कोंबून होईपर्यंत अर्धा तास गेला, चहा पातेल्यात तसाच राहिला. आमच्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं. मी कपाट उघडून प्रतीक्षाचा मोबाईल आणून दिला. तिनं तो चालू केला नाही, हातात धरून ठेवला. सगळे खाली गेले तरी ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “तिला नवीन हिरवी ओढणी पांघरली होती.”

“हो. मी बघितली.”

“डोळे मिटले की तेच तोंड दिसतं. पेपर लिहिताना पण दिसत होतं. झोप येत नाही. घरी कुणाला सांगितलं की म्हणतात, तुला न्यायलाच नको होतं.” ती थांबली. रागावली नव्हती आता, नुसती दमली होती. अठराव्या वर्षी इतकं दमलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. “तुम्ही सांगा. ते जाईल ना, मॅडम?”

“जाईल,” मी म्हणाले. “हळूहळू जाईल.”

तिनं मान हलवली आणि पायऱ्या उतरायला लागली. शकूचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जाऊन किती वर्षं झाली, आता आठवू म्हटलं तरी ते येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.